दोनशे सुयांची डबी

नमस्कार मंडळी. तुमच्या कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "मला सध्या काय काय आवडतं ते सांगतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे रसास्वाद वगैरे का?" म्हटलं, वगैरेच जास्त. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे व्याख्यान म्हटलं की विषय देशाचा तरी हवा, नाहीतर संतांचा. मी बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले. माझ्याकडे एवढं भारदस्त काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना उठायचंय त्यांनी उठावं, चहा बाहेर आहे.

तरुणपणी मी लांबलचक गाण्याचा माणूस. सवाई गंधर्व महोत्सवाला रेणुका स्वरूपच्या मैदानावर घोंगडी, थर्मास आणि कानटोपी घेऊन रात्र रात्र बसलेला. विलंबित ख्याल चाळीस मिनिटांच्या आत आटोपला तर गवयाला घाई होती, असं आमचं मत. तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांना आम्ही 'गाण्याचं विझिटिंग कार्ड' म्हणायचो. आज त्याच तबकड्यांनी मला धरलंय.

झालं असं, की मावशीची चाळ पुनर्विकासात गेली आणि माळ्यावरून चावीचा ग्रामोफोन निघाला. पेटीसारखा मिटणारा, आतली स्प्रिंग तुटलेली. एका घड्याळवाल्यानं "हे आपलं काम नाही" असं तीनदा सांगितलं आणि चौथ्या दिवशी चालू करून दिला. बरोबर अकरा तबकड्या. चावी पूर्ण दिली नाही, तर गाणं मध्येच थकतं, बाईंचा आवाज बुवांचा होतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमच्या नातवाला इतका आनंद झाला की आता तो मुद्दाम चावी कमी देतो.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते आणि साधारण तीन मिनिटांत संपते. म्हणजे दोनशे चौतीस फेऱ्या. तेवढ्यात राग उभा करायचा! नोम-तोमची लांब आलापी नाही, 'हळूहळू बढत करू' नाही. पहिल्याच सुरात दार उघडायचं आणि पाहुण्याला थेट माजघरात न्यायचं. कुठली तान ठेवायची, कुठली सोडायची, हे गवयानं घरूनच ठरवून यायचं. आमच्या मैफिलीतल्या चाळीस मिनिटांत, आता प्रामाणिकपणे सांगतो, दहा मिनिटं गवई काय करू असा विचार करत असायचा आणि आम्ही माना डोलवत असायचो.

गोहरजाननं १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाणं संपल्यावर ती आपलं नाव पुकारायची. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसाला कळावं कोण गायलंय, म्हणून ते. तिथले कामगार हिंदुस्थानी ठुमरी ऐकून मान हलवत असतील का, हा माझा आवडता निरुपयोगी प्रश्न आहे.

आता सुई. ही माझी सध्याची सगळ्यात मोठी खरेदी. तबकडी लाखेची, पडली तर बांगडीसारखी फुटते. त्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते. ती का, तर सुई खरवडली जाऊन खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. झिजायचं सुईनं, तबकडीनं नाही. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई. वापरलेली परत लावली की तीच खाच ओरबाडते. मला हे ठाऊक नव्हतं. पहिले पंधरा दिवस मी एकाच सुईवर काढले, आणि माझी भीमपलासी आता कांदा परतल्यासारखी वाजते. काटकसरीच्या नादात केलेला हा माझा सगळ्यात महाग व्यवहार.

मग जुना बाजार. बुधवार आणि रविवार, आमच्याकडे पुण्यात. कुलपं, किल्ल्या, तुटके पाने, कुणाच्या तरी लग्नातला तांब्या. तिथे पत्र्याची एक चपटी डबी दिसली, तपकिरीच्या डबीएवढी. झाकणावर कुत्रा आणि आत सुया. दुकानदार म्हणाला सहाशे. मी म्हटलं, दीडशे. तो म्हणाला, "काका, ह्या सुया आता बनत नाहीत." मी म्हटलं, "मीही आता बनत नाही, पण मला कोण सहाशे देतंय?" चारशेला तुटलं. घरी आल्यावर आमच्या हिनं विचारलं, "शिवायच्या आहेत?" नाही म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी समज येते.

सुईवरून केसरबाई. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेच्या नासावाल्यांनी व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, हे तुम्ही बहुतेकांनी ऐकलं असेल. दुसरं यान सप्टेंबरच्या ५ तारखेला उडालं आणि १६ तारखेला बाई गेल्या. पण मला कुठली गोष्ट भावली सांगू? तबकडीबरोबर नासावाल्यांनी सुईसुद्धा ठेवलीय. वाजवायची कशी, त्याची चित्रं काढून दिलीत. कुणीतरी तिथे बसून विचार केला असेल, की अहो, त्या लोकांकडे सुई नसेल तर? मला तो माणूस भेटायला हवा होता. बँकेत असता तर आमचं जमलं असतं.

बरं, ऐकायचं कसं, तेही सांगतो. नुसतं बसून नाही. सध्या थंडीचे मटार आलेत. संध्याकाळी किलोभर घेऊन येतो, पाटीत वर्तमानपत्र पसरतो, आणि सोलत ऐकतो. एका बाजूत वीस-बावीस शेंगा होतात. मग उठायचं, सुई बदलायची, चावी द्यायची, परत बसायचं. कोवळी शेंग असली की अंगठ्यानं दाबल्यावर बारीक 'टक' होतं; ते कधी समेवर आलं की मी एकटाच 'वा!' म्हणतो. चार बाजूंत अर्धा किलो. हातात काम असलं की कान शहाणा राहतो, असा माझा अनुभव. रसिकांनी रागावू नये.

आणि धारवाला. आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा सायकल घेऊन येतो. सायकल स्टँडवर चढवतो, पट्टा सहाणेच्या चाकाला जोडतो आणि पॅडल मारतो. दोन सुऱ्या, एक विळी: साठ रुपये. ठिणग्या बघायला मी जिन्यावरून चपला न घालता उतरतो. धार झाली की तो सुरी आडवी धरून नखावर हलकेच टेकवून बघतो. घसरली तर परत चाकावर. मग मी वर येऊन खमंग काकडी करतो, म्हणजे हिला करू देत नाही. धार असेल तर चोचवलेल्या काकडीला पाणी कमी सुटतं. हे खरं आहे की माझ्या मनाचे खेळ, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. दाण्याचं कूट मात्र हिचंच; त्यात मला हात घालायची परवानगी नाही.

वेळ संपत आली, घंटी वाजली वाटतं. शेवटचा हिशेब. डबीवर दोनशे लिहिलंय, मी मोजल्या तर एकशे सदतीस निघाल्या. रोजच्या चार बाजू धरल्या, अधूनमधून नातवाच्या दोन. आज सकाळी मोजल्या तेव्हा एकोणीस होत्या. म्हणजे शुक्रवारी आम्ही कोरडे. तेव्हा येत्या बुधवारी सकाळी मी जुन्या बाजारात असेन. कुणाला यायचं असेल तर जरूर या, चहा माझ्याकडून. फक्त डबी आधी तुम्हाला दिसली, तर दुकानदाराला ऐकू जाईल असं ओरडू नका.