काळं कुत्रं काळंच दिसलं पाहिजे

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाय तोच आहे: घरातल्या उजेडात कुत्र्याचा फोटो. पण साताऱ्यात कुत्र्यावर बोलायचं आणि खंड्याचं नाव घ्यायचं नाही, हे बरं नव्हे.

संगम माहुलीला जाता तेव्हा देवळं बघून परत फिरू नका, खंड्याची समाधी बघा. थोरले शाहू महाराज शिकारीला गेले असताना वाघ अंगावर आला आणि या कुत्र्यामुळे ते वाचले, अशी कथा सांगतात. त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असंही सांगतात. महाराज 1749 साली गेले. फ्रान्सच्या डागेरची छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली 1839 साली. नव्वद वर्षांनी चुकामूक! ज्या राजाने कुत्र्याला पालखीत बसवलं, त्याने त्याचा फोटो हौसेने काढवून घेतला असता की नाही? समोर बसलेल्या काकू मान हलवताहेत. बघा, खंड्याची नजर कशी होती, अंगावरचे केस कसे होते, हे आपल्याला कधीच दिसणार नाही. आणि आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

आता माझं दुखणं सांगतो. आमचा काळू नावाप्रमाणे काळाभोर. त्याला एका स्टुडिओत नेलं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला, काळू स्टुलाखाली. ओढून काढला, परत बसवला, परत फ्लॅश. फोटो हातात आला तर डोळे हिरवे पेटलेले, कान मागे पाडलेले, अंग राखेत लोळल्यासारखं. वर ऐकून घ्यावं लागलं, "साहेब, काळं कुत्रं असंच येतं." अहो, असं नाही येत! कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला चमकणारा थर असतो, कमी उजेडात दिसावं म्हणून. समोरून फ्लॅश मारला की तोच उजेड उलटून कॅमेऱ्यात येतो. आणि कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून उजेड मोजतो. चौकटभर काळे केस आले की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो. यात कुत्र्याच्या रंगाचा काय दोष? काळूच्या कानाच्या टोकाला उन्हाने तांबूस झालेले चार केस आहेत, नाकाची कातडी बारीक दाणेदार आहे. सकाळी तो सोप्यात दाराशी बसला की हे सगळं दिसतं. काळ्या रंगात केवढं काय असतं! काळी कुत्री फोटोत चांगली दिसत नाहीत, असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तेव्हा भराभर सांगतो.

फ्लॅश बंद, ट्यूबही बंद. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की कुत्रं एका बाजूने निळसर, दुसरीकडून पिवळट दिसतं. त्याला दारापासून हातभर आत बसवा, उजेड एका बाजूने पडू द्या, म्हणजे केसन्‌केस उठून दिसतो. ऊन थेट येत असेल तर जुन्या पांढऱ्या धोतराचा पडदा लावा. सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा करा, म्हणजे उजेड उलटून त्या बाजूवरही पडेल. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही असं पुस्तकात वाचाल, पण साताऱ्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा थोडा उत्तरेलाच असतो. पावसाळ्यात ढग सांभाळून घेतात, मे महिन्यात तेवढं बघा.

तुम्ही जमिनीवर पालथे पडा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. बसलेल्या कुत्र्याला शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, 1/125 सेकंद, मान फिरवत असेल तर 1/250. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपण्याची कॅमेऱ्याची ताकद, 1600 पर्यंत बिनधास्त न्या, थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो चालत नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर. फोनवाल्यांनी डोळ्यावर बोट ठेवायचं आणि शेजारी सूर्याची खूण येईल ती खाली ओढायची, काळा रंग काळा होईपर्यंत. पांढऱ्या पामेरियनला उलट, वर ओढायची.

आणि भूक नसताना ओठ चाटू लागलं, झोप नसताना जांभया देऊ लागलं, की ते कंटाळलंय, घाबरलंय. फोन खाली ठेवा, त्याला जाऊ द्या. ज्यांनी आपापल्या कुत्र्यांचे फोटो आणलेत त्यांनी पुढे या, बाकीच्यांचे प्रश्न नंतर घेऊ.