थायमोसिन अल्फा-१ : कुपीत काय आहे?

ही काचेची छोटीशी कुपी. तळाशी पांढरी पूड, पाण्यात विरघळवून कातडीखाली टोचायची. विकणारा सांगतो, "प्रतिकारशक्ती वाढते." पण अशा कुप्यांच्या लेबलवर बारीक अक्षरांत अनेकदा भलतंच लिहिलेलं असतं: 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.'

आतलं थायमोसिन अल्फा-१ हे पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी, २८ अमिनो आम्लांची साखळी. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे परिपक्व होतात, आणि वय वाढतं तशी ही ग्रंथी आक्रसत जाते. १९७०च्या दशकात वासरांच्या थायमसमधून हे पेप्टाइड वेगळं केलं गेलं. आता ते प्रयोगशाळेत बनवतात. चीनसह काही देशांत हिपॅटायटिस बीसाठी त्याला मान्यता आहे, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची मात्र नाही. आणि हिपॅटायटिसची मान्यता थकवा किंवा सारख्या होणाऱ्या सर्दीला लागू होत नाही, हे जाहिरात सोयीस्करपणे गाळते.

आता सेप्सिसची गोष्ट. संसर्गाशी लढताना शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं, तो हा आजार. २०१३मध्ये ३६१ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. २८ दिवसांत नेहमीच्या उपचारांवरचे ३५ टक्के रुग्ण दगावले, हे औषधही मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आकडे मोहात पाडणारेच होते, पण फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. मग चीनमधल्या २२ केंद्रांत ११०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारखंच दिसणारं बिनऔषधी इंजेक्शन. निकाल २०२५मध्ये आला: मृत्यूचं प्रमाण औषधाच्या गटात २३.४ टक्के, दुसऱ्या गटात २४.१. म्हणजे जवळपास सारखंच.

औषध घातक ठरलं नाही, हेही खरं. पण प्रतिकारशक्ती चेतवणं प्रत्येकाला मानवत नाही. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती डॉक्टर मुद्दाम दाबून ठेवतात. ती जागी झाली तर बसवलेल्या अवयवावरच धावून जाईल. आमवात, ल्युपस अशा आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते; ते असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

खऱ्या चाचणीत नीतिमत्ता समितीची परवानगी असते, लेखी संमतिपत्र असतं, आणि मधूनच बाहेर पडायची मुभा असते. बिल भरून घेतलेलं इंजेक्शन 'प्रायोगिक' म्हटल्याने चाचणी होत नाही.

आणि ते आधीच घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुढच्या भेटीला कुपी सोबत न्या, लेबल फाडू नका. त्यावरचा बॅच क्रमांक त्यांना लागेल.