विषारी मातीत रुजताना

[दृश्य : शेजारी शेजारी दोन कुंड्या]

दोन्ही कुंड्यांत माती एकच, कॅडमियम या विषारी जड धातूने दूषित झालेली. बियाणं एकाच पिशवीतलं, पेरणीही एकाच दिवशीची. डावीकडचं रोप पिवळं पडून खुंटलंय. उजवीकडचं तरारलंय. त्याच्या बियांना पेरणीआधी जिवाणूंची बीजप्रक्रिया केली होती.

[दृश्य : रोपं उपटून मुळं धुतली जातात]

आता मुळं बघा. डावीकडे आखूड, तपकिरी, पांढरी मुळी जवळजवळ नाहीच. उजवीकडे तिचा दाट झुबका.

[दृश्य : ओसाड, दूषित जमीन, मुळासकट काढलेलं गवत]

हे जिवाणू आणले कुठून? अशाच बिघडलेल्या जमिनीतून. वर्षानुवर्षं धातू साचलेल्या जागी जे तगले, त्यांनी विष सोसायची सोय करून घेतलेली असते. काहींच्या पेशीत शिरलेला धातू बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप असतात. 'क्युप्रियाविडस मेटॅलिड्युरन्स' हा असाच एक. तो 1976 मध्ये बेल्जियममधल्या जस्ताच्या कारखान्याच्या गाळात सापडला. ज्या जमिनीला आपण मेलेली म्हणून सोडून देतो, ती अशी जिवंत असते.

[दृश्य : मुळाला चिकटलेली माती झटकून काचेच्या नळीत]

शोध मुळाला चिकटलेल्या मातीतच घ्यायचा. मुळातून साखर, आम्लं पाझरत राहतात आणि त्यावर जिवाणूंची वस्ती वाढते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेंझ हिल्टनर यांनी 1904 मध्ये या पट्ट्याला 'रायझोस्फिअर' म्हटलं. ही माती पाण्यात घुसळायची, दहापट पातळ करायची, त्यातला थेंब घेऊन पुन्हा दहापट. मग धातूचे क्षार घातलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरायची. ज्यांना धातू सोसत नाही, ते इथेच गळतात.

[दृश्य : निळी पेट्री डिश, वसाहतींभोवती नारिंगी कडी]

आणि ही परीक्षा तर डोळ्यांदेखत निकाल देते. श्विन आणि नीलँड्स या शास्त्रज्ञांनी ती 1987 मध्ये मांडली. अगारमधलं लोह रंगद्रव्याला बांधलेलं आहे, म्हणून डिश निळी. जिवाणू सिडेरोफोर नावाचा रेणू सोडतो, तो लोह हिसकावून घेतो आणि तिथला निळा रंग नारिंगी होतो. कडं जितकं रुंद, तितकं लोह खेचण्याचं बळ जास्त. दूषित मातीत जड धातू लोहाच्या वाटेत आडवे येतात. डावीकडच्या रोपाच्या पिवळेपणाचं हे एक मोठं कारण आहे. जिवाणूने खेचलेलं लोह रोपालाही मिळू शकतं.

[दृश्य : ॲनिमेशन, मुळाची पेशी]

जे कॅमेऱ्याला दिसत नाही, ते चित्रातून पाहू. ताणात सापडलेलं रोप इथिलीन हे वायुरूप संप्रेरक जास्त बनवतं आणि मुळाची वाढ थांबते. रोप इथिलीन ज्या पदार्थापासून बनवतं, तो म्हणजे एसीसी. काही जिवाणू मुळातून पाझरणारं एसीसीच खातात, त्याचं अमोनिया आणि अल्फा-कीटोब्युटायरेट करतात. एसीसी कमी, म्हणून इथिलीन कमी, आणि मूळ पुढे सरकतं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात बर्नार्ड ग्लिक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ही उकल मांडली. त्याच वर्षी त्यांनी निकेलचा त्रास होणाऱ्या कॅनोला या मोहरीवर्गीय तेलबियांच्या रोपांना अशाच जिवाणूचा आधार मिळतो, हेही दाखवलं.

[दृश्य : बियांना लेप, सावलीत पसरलेलं बियाणं]

निवडलेला जिवाणू द्रावणात वाढवतात, बारीक वाहक भुकटीत मिसळतात. बियाणं चिकट द्रावणाने ओलं करून त्यावर हे संवर्धक हलक्या हाताने चोळायचं. बियाण्याची साल निघता कामा नये. मग सावलीत सुकवायचं, उन्हात कधीच नाही, आणि लगेच पेरायचं.

[दृश्य : शेतात पेरणी]

धातू मात्र कुजत नाही, तो जमिनीतच राहतो. काही जिवाणूंमुळे तो पिकात जास्तही चढतो. म्हणून दाणा तपासल्याशिवाय खाण्यासाठी वापरायचा नाही, आणि जमिनीत येणारं सांडपाणी आधी थांबवायला हवं.