लूम चालू आहे, आवाज कुठाय?

श्रोतेहो, नमस्कार.

मला विषय दिलाय व्हिडिओ कॉलमधल्या शब्दांचा. कोडेक, लेटन्सी, जिटर, नॉइज सप्रेशन, असले. पाच मिनिटांत सगळे बसवा म्हणाले. बसतील तेवढे बसवतो, कारण मला खरं तर एक किस्सा सांगायचाय, आणि तो सांगितल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही.

आधी कोडेक. कोडर आणि डिकोडर हे दोन शब्द अर्धे अर्धे तोडून जोडलेत. सोलापूरकराला हे समजायला काहीच अवघड नाही. चादरीवरचा मोर आठवा. नक्षीवाला ग्राफ पेपरवर चौकोन रंगवतो, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, आणि लूमवरचं जेकार्ड ती भोकं वाचत वाचत मोर उठवतं. कार्डावर मोर नसतोच. भोक आहे किंवा नाही, एवढंच. आवाजाचंही तेच. जुन्या डिजिटल टेलिफोन पद्धतीत आवाज सेकंदाला 8,000 वेळा मोजतात, प्रत्येक मोजमापाचे 8 बिट, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. बिट म्हणजे एका भोकाची जागा, आहे किंवा नाही. इकडे भोकं पाडणारा तो कोडर, तिकडे भोकं वाचणारा तो डिकोडर. दोघं मिळून कोडेक.

याला मराठी शब्द का नाही, असं कुणी तरी विचारणारच. मी टेलिफोन खात्यात 27 वर्षं काढली. मोबाइलला भ्रमणध्वनी म्हणणारा माणूस मला प्रत्यक्षात कधी भेटला नाही, फक्त लग्नपत्रिकेत भेटला. आपल्या पूर्व भागातल्या मागवाल्यांनी लूम, जॉबर, जेकार्ड सगळं पचवलं, कुणाची भाषा बुडाली नाही. आणि पत्रिकेवरून आठवलं, पत्रिका व्हॉट्सअॅपवर पाठवून 'हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं' म्हणणाऱ्यांकडे मी जेवायला जात नाही. असो.

आता किस्सा.

माझा एक शाळूसोबती आहे. पूर्व भागात त्याचा कारखाना, बारा लूम. सगळे त्याला मालक म्हणतात. सोलापुरात तसे रिक्षावाल्यापासून सगळेच मालक, पण हा खरोखरचा. त्याला नागपूरहून एका लॉजवाल्या बाईंचा फोन आला. चादरी हव्यात, पण त्या आधी एकदा फसलेल्या. सोलापुरी म्हणून भलताच माल गळ्यात पडलेला. म्हणाल्या, लूमवर विणताना दाखवा, मगच ऑर्डर.

मालकानं कारखान्यात उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. बारा लूम चालू. आत कधी गेला असाल तर ठाऊकच आहे, शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. आणि बाई विचारतात, "मशीन बंद आहे का हो?"

"चालू आहे की!"

"मग आवाज कुठाय? तुमचं बोलणं तर स्पष्ट येतंय, मागं सगळं शांत."

त्यात धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तो तुकडा, इतका भराभर पळतो की चित्रात नुसता पुसट डाग. बाईंचा संशय पक्का झाला, की हा कसला तरी जुना व्हिडिओ मागं लावून बोलतोय. मालकानं फोन नेऊन थेट लूमच्या चौकटीला टेकवला. फोन थरथरतोय, चित्र थरथरतंय, आवाज शून्य.

मग मला फोन. "काय बे, टेलिफोनवाला ना तू? ये लवकर, इज्जत चाललीय माझी." मी स्कूटर काढली. तोवर त्यानं बाईंना चहा घ्यायला सांगितलं होतं. तिकडे, नागपुरात, त्यांच्याच घरी.

फोन हातात घेतला आणि मला हसूच फुटलं. फोन बिचारा इमानानं काम करत होता. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकीचं गाळायचं, पंखा गाळायचा, मिक्सर गाळायचा, असं त्याला शिकवलेलं. याला म्हणतात नॉइज सप्रेशन. पुन्हा सांगतो, नॉइज सप्रेशन: बोलणं ठेवायचं, गोंगाट गाळायचा. त्यानं बाराच्या बारा लूम गाळून टाकले होते. मी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं.

बाई हेडफोन लावून बसल्या होत्या. अख्खा कारखाना एकदम कानात शिरला. "बंद करा, बंद करा! पटलं!"

इथं संपायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, साठ पाठवा. मालकाला लूमच्या खटखटीत ऐकू आलं, आठ. त्याचं तोंडच पडलं.

"आठच?"

"हो, साठ."

"म्हणजे आठ ना?"

"अहो, साठ!"

शेवटी बाईंनी टाइप करून पाठवलं: 60. मालकानं स्क्रीन मला दाखवली, आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासाठी चहा मागवला.

हा साठ-आठचा घोळ आमच्या खात्यात जुना. 'स' म्हणजे नुसता फुसकारा, त्याची बरीचशी ताकद 4,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4,000 कंपनांच्या, वर असते. आणि जुना फोन नेतो 300 ते 3,400 हर्ट्झ. म्हणजे 'स'चा मोठा भाग तारेवर चढतच नाही. कारखान्यात मात्र दोष फोनचा नव्हता, तिथं लूमनं 'स' झाकून टाकला. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, त्याला मास्किंग म्हणतात. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, एवढं लक्षात ठेवा, कारण एमपीथ्रीची गाणी याच गोष्टीवर उभी आहेत. कानाला जे ऐकूच येणार नाही, ते साठवायचं कशाला?

लेटन्सी म्हणजे बोलणं समोर पोचायला लागणारा उशीर. एका बाजूनं 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्याहून फार वाढला की "बोला बोला", "नाही, तुम्ही बोला" सुरू होतं.

जिटर म्हणजे आवाजाचे तुकडे सारख्या अंतरानं न येणं. आपल्या नळासारखं. कधी येईल नेम नाही, म्हणून घरोघर टाकी. फोनमध्येही अशी इवलीशी टाकी असते, जिटर बफर. तुकडे येतील तसे भरून घ्यायचे आणि पुढे एकसारखी धार सोडायची.

काचेपलीकडून हात वर झालाय. पॅकेट लॉस, म्हणजे आवाजाचे तुकडे वाटेतच हरवणं, राहूनच गेला. टाकीवरून आठवलं, आज आमच्या पेठेत पाण्याचा दिवस आहे, मलाही पळायला हवं. नमस्कार.