एक केस हलला: अझुलावरून चाललेला वाद

(दृश्य: ड्रॉइंग टेबल, कॅमेरा वरून. पेन्सिलीने एक चेहरा उमटतोय. कपाळाच्या दोन्ही बाजूंना दोन बटा, अगदी सारख्या.)

निवेदन:
ही अझुला. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन कार्टून मालिकेतली फायर नेशनची राजकन्या. वय 14. या गोष्टीत काही माणसं पाणी, माती, आग किंवा वारा हाताळू शकतात; फायर नेशनवाले आग. निकलोडियनवर ही मालिका 21 फेब्रुवारी 2005 ला सुरू झाली आणि 19 जुलै 2008 ला संपली. तीन सीझन, 61 एपिसोड. मालिका संपली, पण या मुलीवरून चाहत्यांचं भांडण काही मिटलेलं नाही.

पेन्सिल आत्ता ज्या बटेवर आहे, तिथे बघा. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये अझुला वीज सोडण्याचा सराव करते. तिला शिकवणाऱ्या दोन जुळ्या म्हाताऱ्या म्हणतात, जवळजवळ अचूक जमलं, फक्त एक केस जागेवरून हलला. ‘जवळजवळ’ हा शब्द तिला सहन होत नाही. ती ताबडतोब पुन्हा सुरुवात करते.

(दृश्य: त्याच टेबलावर दुसरा कागद. तोच चेहरा. कपाळावरचे केस तिरके, वेडेवाकडे कापलेले.)

निवेदन:
आणि ही शेवटच्या भागातली अझुला. हे केस तिने आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने कापलेत. पहिल्या कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत ती कशी आली, आणि तेव्हा तिच्याजवळ कोण होतं, यावरून सगळं पेटतं.

(दृश्य: डोंबिवलीतला एक फ्लॅट. चार जण सतरंजीवर, मधे लॅपटॉप आणि चिवड्याचं ताट. आवाज चढलेले.)

पहिला: अरे, ती हे सगळं मजेत करते! झूकोला वाईट वागताना त्रास होतो. हिला होतो का कधी?
दुसरी: त्याला आयरोकाका होता. हिला कोण होतं, सांग ना.
पहिला: म्हणून काय सगळं माफ?
दुसरी: माफ कर म्हणत नाहीये मी. विचारतेय, कोण होतं?

निवेदन:
या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी तिच्या भावाकडे जावं लागतं.

(दृश्य: कागदाची लांब पट्टी उलगडते. झूकोची पाच डोकी एका ओळीत. पाचही चेहऱ्यांवर डाव्या डोळ्याभोवती भाजल्याचा डाग.)

निवेदन:
झूको किती बदलला, ते त्याच्या केसांवरूनही दाखवता येतं. ही पट्टी त्यासाठीच काढलेली आहे.

पहिलं डोकं तासलेलं, मागे तेवढी एक लांब शेंडी. वय 16. तीन वर्षांपूर्वी, युद्धाच्या बैठकीत, एका सेनापतीने नव्या भरतीची तुकडी शत्रूपुढे मरायला पाठवायची योजना मांडली, तेव्हा हा पोरगा मधे बोलला होता. मोठ्यांच्या बैठकीत तोंड उघडल्याची शिक्षा म्हणजे द्वंद्व. गाठ सेनापतीशी आहे अशा समजुतीने तो मैदानात उतरला, आणि समोर उभा होता बाप, फायर नेशनचा राजा ओझाय. झूको लढला नाही. गुडघे टेकून माफी मागत राहिला. बापाने त्याचा चेहरा जाळला, आणि पाणी, माती, आग, वारा हे चारही हाताळू शकणाऱ्या अवताराला पकडून आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस म्हणून हाकलून दिलं.

हे प्रेक्षकाला कळतं पहिल्या सीझनच्या 12 व्या एपिसोडमध्ये. त्याआधीचे अकरा एपिसोड हा मुलगा आपल्यासमोर नुसता चिडका, आरडाओरडा करणारा खलनायक म्हणून वावरतो. लेखकांनी ती माहिती इतका वेळ हातात राखून ठेवली, हे या मालिकेचं मोठं कसब आहे.

(दृश्य: बोट पट्टीवर पुढे सरकतं. दुसरं डोकं, तिसरं डोकं.)

निवेदन:
दुसऱ्या चित्रात शेंडी नाही. बहीण पकडायला येते, काका-पुतणे पळ काढतात, आणि नदीकाठी दोघंही सुरीने आपल्या शेंड्या कापून पाण्यात सोडून देतात. तिसऱ्यात केस वाढलेत, कपाळावर आलेत. बा सिंग से नावाच्या प्रचंड शहरात तो नाव बदलून राहतोय, काकाच्या हाताखाली चहाच्या दुकानात काम करतोय.

आता या चौथ्याशी थांबा. केस वर बांधलेले, त्यात राजमुकुटाचं सोनेरी चिन्ह. झूको पुन्हा राजवाड्यात आहे. तो तिथे कसा पोचला, हे ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते अजून विसरलेले नाहीत.

(दृश्य: हिरव्या रंगाचा ब्रश. जमिनीखालची स्फटिकांची गुहा रंगतेय. दोन आकृत्या, एकमेकींसमोर.)

निवेदन:
दुसऱ्या सीझनचा शेवट. बा सिंग सेच्या खाली, स्फटिकांच्या गुहेत, झूको आणि अवताराच्या गटातली मुलगी कटारा कैदेत आहेत. कटाराच्या आईला झूकोच्या देशाच्या सैनिकाने मारलेलं. तरी ती त्याच्याशी बोलते. तिच्या गळ्यात एक कुपी आहे, उत्तर ध्रुवावरच्या पवित्र तळ्यातल्या पाण्याची. या पाण्याने तुझा डाग कदाचित बरा होईल, असं ती म्हणते आणि त्याच्या गालाला हात लावते. तो डोळे मिटून घेतो.

थोड्याच वेळात, काका समोर उभा असताना, तो बहिणीच्या बाजूने लढायला उतरतो. अझुलाची वीज आंगला, म्हणजे त्या अवताराला, लागते. कटारा त्याला त्याच कुपीतल्या पाण्याने जगवते. ते पाणी झूकोच्या गालावर खर्च झालं असतं, तर आंग वाचला नसता.

(दृश्य: फ्लॅट. तिसरा मुलगा लॅपटॉपचा पॉझ दाबतो आणि उठून उभा राहतो.)

तिसरा: मला तेव्हा वाटलं, लेखकांनी माती केली. एवढं सगळं करून पुन्हा तिथेच! नंतर कळलं की हा चुकलाच नसता तर पुढचं सगळं फुकट गेलं असतं.

निवेदन:
तो बरोबर बोलतोय. झूकोला मालिकेने चुकायला वेळ दिला. घरी परतल्यावर, बापाची शाबासकी मिळाल्यावर, आपल्याला हे नको होतं असं त्याला उमगतं. मग पाचवं डोकं: मुकुट उतरवलेला, केस मोकळे. सूर्यग्रहणाच्या दिवशी तो बापासमोर उभा राहून सगळं बोलून टाकतो आणि निघून जातो. तिसऱ्या सीझनचे दहा एपिसोड तोवर झालेले असतात. रिडेम्पशन आर्क, म्हणजे वाईट पात्राच्या सुधारण्याचा प्रवास, म्हटलं की या मालिकेचे चाहते झूकोचं नाव घेतात ते एवढ्या वाटचालीमुळे.

आणि या वाटचालीत शेवटच्या टप्प्यापर्यंत काका होता. आधी सोबत, नंतर तुरुंगाच्या गजांआड, पण होता.

(दृश्य: टेबलावर दोन छोटी चित्रं. एक खंजीर. एक बाहुली.)

निवेदन:
आता अझुलाची बाजू. तिच्या बाजूने बोलणारे नेहमी याच दोन वस्तू पुढे करतात.

दुसऱ्या सीझनमध्ये झूकोच्या एकट्याच्या प्रवासाचा एक एपिसोड आहे. त्यात त्याचं लहानपण दिसतं. आयरो तेव्हा सेनापती आहे, बा सिंग सेला वेढा घालून बसलाय. तिथून तो पुतण्यांना भेटी पाठवतो. झूकोला खंजीर, शरण आलेल्या सेनापतीकडून मिळालेला. अझुलाला बाहुली, तिथल्या मुलींच्या नव्या फॅशनची. पत्रात तो गमतीने लिहितो की शहर आम्ही जाळून टाकलं नाही तर तुम्हालाही दाखवू, आणि घरातले सगळे हसतात. अझुला ती बाहुली जाळते.

पहिल्यांदा बघताना वाटतं, बघा, लहानपणापासूनच दुष्ट. दुसऱ्यांदा बघताना दिसतं की या मुलीला काय आवडतं याचा काकालाही पत्ता नव्हता. मालिकेतल्या सगळ्यात शहाण्या माणसाने तिच्याकडे नीट पाहिलेलं नाही. मोठेपणी तो झूकोला सरळ सांगतो की ती वेडी आहे, तिला आवरलंच पाहिजे. झूकोबद्दल त्याने असं कधी म्हटलं नसतं. त्याचा स्वतःचा मुलगा, लू टेन, त्या वेढ्यात मेला. त्या दुःखातून तो बदलला आणि ती सगळी माया झूकोच्या वाट्याला आली.

(दृश्य: दुसरी मुलगी, जवळून. बोलताना हातातली पेन्सिल कागदावर आपटतेय.)

दुसरी: झूकोचा चेहरा जाळला तेव्हा ती गर्दीत हसत होती, हे सगळे सांगतात. तेव्हा किती वर्षांची होती? अकरा! त्या घरात जो हसला नाही त्याचं काय झालं, हे ती डोळ्यांनी बघत होती.

निवेदन:
समुद्रकिनाऱ्याच्या एपिसोडमध्ये, रात्री शेकोटीपाशी, अझुला एकदाच स्वतःबद्दल बोलते. माझ्या आईला मी राक्षसीण वाटायचे, ती म्हणते. तिचं बरोबरच होतं, पण लागलं ते. एवढं बोलून ती विषय सोडून देते. या एका वाक्यावर चाहत्यांनी जेवढं लिहिलंय, तेवढं मालिकेतल्या लढायांवरही लिहिलं नसेल.

(दृश्य: दोन रंगीत पेन्सिली, नारिंगी आणि निळी. आगीच्या ज्वाळा भरल्या जातायत.)

निवेदन:
ही मालिका मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को यांनी उभी केली. मुख्य लेखक एरन एहॅज. चित्रांना हालचाल देण्याचं काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंमध्ये झालं. मारामारीसाठी सिफू किसू हे मार्शल आर्टचे शिक्षक सल्लागार होते. पाणी हाताळणाऱ्यांच्या हालचाली ताय ची वरून घेतल्या, आग हाताळणाऱ्यांच्या उत्तर शाओलिन पद्धतीवरून. त्यामुळे पात्राच्या मनात काय चाललंय ते त्याच्या पवित्र्यातही उतरतं. झूको आंगच्या गटात येतो तेव्हा त्याची आग विझल्यासारखी होते, कारण तोवर ती रागावर चालत होती. मग त्याला ती नव्याने शिकावी लागते, दोन ड्रॅगनकडून. अझुलाची आग मात्र निळी, इतर कोणाहीपेक्षा वेगळी. शेवटच्या द्वंद्वात नारिंगी आणि निळा हे दोन रंग पडदा भरून टाकतात. झूकोचे पाय जमिनीवर घट्ट असतात आणि अझुलाचा तोल जात असतो. त्या प्रसंगात दणदणाट जवळजवळ नाहीच. जेरेमी झुकरमन यांचं संगीत संथ आणि उदास आहे. लढाई जिंकल्याचा आनंद होऊ नये, अशीच ती रचली आहे.

त्याच्या आधी काय झालं, ते क्रमाने बघा. अझुलाची मैत्रीण माई तिला म्हणते, तुझी जेवढी भीती वाटते त्याहून झूकोवर माझं प्रेम जास्त आहे. दुसरी मैत्रीण टाय लीसुद्धा अझुलावर उलटते. बाप तिला मागे ठेवून एकटाच जग जिंकायला निघून जातो. एका चेरीत बी राहिली म्हणून अझुला दासीला हद्दपार करते, मग एकेक करून सगळ्यांनाच. राजवाडा रिकामा होतो. ती आरशासमोर येते, आणि आरशात तिला लहानपणीच नाहीशी झालेली आई दिसते.

(दृश्य: आरशाचं चित्र पूर्ण होतंय. मागे उभी असलेली आई. निवेदन नाही. 40 सेकंद.)

निवेदन:
कटाराच्या साखळ्यांत जखडलेली अझुला तोंडातून निळी आग ओकत रडत राहते. मालिकेत ती पुन्हा दिसत नाही.

(दृश्य: फ्लॅट. चौथी मुलगी, जी आतापर्यंत गप्प होती.)

चौथी: मला अझुलाचं वाईट वाटतं. पण प्रत्येक पात्र सुधारलंच पाहिजे का? कटारा बघ. आईला मारणारा माणूस सापडतो, बर्फाचे सुळे त्याच्या तोंडासमोर थांबवते, आणि शेवटी म्हणते, मी त्याला माफ केलेलं नाही, कधी करणारही नाही. पण झूकोला करते. तेवढं पुरे आहे.
पहिला: आणि त्या आधी सख्ख्या भावाला काय बोलते? तुझं आईवर माझ्याएवढं प्रेमच नव्हतं! त्याची माफी मागितली का कधी?

निवेदन:
सोक्काला कटारा तसं खरंच म्हणते, आणि त्याची माफी मागताना ती दिसत नाही. पण चौथीचा मुद्दा बाजूला सारता येत नाही. माफी ही ज्याला इजा झाली त्याची. प्रेक्षकांनी ती परस्पर वाटायची नसते. अझुलाचे चाहते मागतायत ती माफी नाही. त्यांना तिच्यासाठी वेळ हवा होता.

पुढचं थोडक्यात. 2010 मध्ये या मालिकेवरून सिनेमा आला. कोणाला कोणती भूमिका दिली यावरून चाहत्यांनी निषेध केला. देव पटेल झूको झाला, मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी फायर नेशनचा सेनानी झाओ झाला. पहिल्या सीझनची गोष्ट एका चित्रपटात कोंबली गेली. कटाराची जोडी झूकोशी की आंगशी, यावरून लोकांनी मैत्र्या तोडल्या. 2013 च्या कॉमिक्समध्ये झूको अझुलाला सोबत घेऊन आईच्या शोधात निघाला. मुख्य लेखक एहॅज यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं की अझुलालाही सावरायची वाट मिळावी, आणि आयरो झूकोसाठी जसा उभा राहिला तसा झूको तिच्यासाठी उभा राहावा, असं त्यांच्या मनात होतं. निर्मात्यांचं म्हणणं, गोष्ट पहिल्यापासून तीन सीझनचीच होती.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा आणि भोवती चौघांचे चेहरे. शेवटचा एपिसोड चालू आहे.)

निवेदन:
एक गोष्ट मात्र तीन सीझनच्या आतलीच आहे. आंग ओझायला मारायला तयार नव्हता. ज्याने जग जाळायला घेतलं, त्या प्रौढ माणसाचा जीव वाचावा म्हणून मालिकेने एक प्रचंड सिंहकासव समुद्रातून वर आणलं आणि आंगला, न मारता समोरच्याची शक्ती काढून घेण्याची, एक नवी विद्या दिली. त्यावरूनही वाद आहे, पण जागा तर काढली. त्यानंतर झूको तुरुंगात जातो, बापासमोर उभा राहतो आणि विचारतो, माझी आई कुठे आहे? ती आई अझुलाचीही आहे. झूको हा प्रश्न विचारतो तेव्हा अझुला कुठे आहे, कोणी तिच्याजवळ बसलंय का, हे मालिका दाखवत नाही. तिथे अर्ध्या मिनिटाचा एक प्रसंग बसला असता. या खोलीत तिघांना तो हवा आहे. चौथीला नको आहे, आणि आत्ता ती तिघांनाही ऐकून घेत नाहीये.