प्लास्टरच्या आधीची भिंत

सकाळचे साडेनऊ. गोरेगावातली एक साइट, सहावा मजला. भिंत कमरेपर्यंत आली आहे. मुंबईत भिंतीचं खरं अंग दिसतं ते असे थोडेच दिवस. नंतर प्लास्टर, पुट्टी, रंग.

हा सॉलिड ब्लॉक, म्हणजे भरीव काँक्रीटचा. बोट फिरवलं की बारीक खडी टोचते, मध्येच टाचणीच्या डोक्याएवढी भोकं लागतात. हा पोत वरून दिलेला नाही, तो मालातून आलाय. ब्लॉकचं काँक्रीट स्लॅबसारखं ओतत नाहीत. मुठीत दाबलं तर लाडू वळावा, इतपतच ओलं. मशीन ते साच्यात हादरवतं, दाबतं आणि साचा लगेच वर उचलतं. पाणी कमी पडलं तर कडा झडतात. जास्त झालं तर ब्लॉक जागेवरच खचतो. कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, वाढवली की भोकं बुजतात.

इथली खडी काळ्या पाषाणाची, पण सिमेंटखाली लपलेली. जोडब्लॉक मधोमध फोडला की तो दगड उघडा पडतो. हा स्प्लिट फेस. फोर्टातल्या जुन्या दगडी इमारती आठवाव्यात असा. दिसतो झकास, पण मला विचाराल तर मुंबईत बाहेरच्या बाजूला नको. खाचांत धूळ बसते, पावसाळ्यात शेवाळ धरतं, मग काळे ओघळ.

शेजारी एएसी ब्लॉक, म्हणजे फुगवलेल्या काँक्रीटचा हलका ब्लॉक. फ्लाय अ‍ॅश, सिमेंट, चुना, जिप्सम आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम पावडर. हायड्रोजन सुटतो, पीठ ढोकळ्यासारखं फुगतं. मग तारेनं कापून वाफेच्या दाबाखाली शिजवतात. वजन त्याच मापाच्या सॉलिड ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश. गवंड्यानं एक तुकडा पाण्याच्या पिंपात टाकला. तरंगला!

तळहात घासा, भुकटी लागते. घोळ तिथेच आहे. सॉलिड ब्लॉकचा खरबरीतपणा प्लास्टरला आपणहून धरतो. इथे भुकटी मध्ये येते, वर ब्लॉक प्लास्टरच्या मालातलं पाणी शोषून घेतो. म्हणून आधी झाडू, मग पाण्याचा हलका शिपका. भिजवून चिंब केला, तर वाळताना आकसून भेगा पडतात. आणि ब्लॉक कोणताही असो, कॉलमच्या सांध्यावर जाळी हवीच.

भिंत आता छातीपर्यंत आली. गवंडी थापी धुतो. एका दिवसात याहून वर चढवायची नाही, खालचा माल अजून ओला आहे.