हे काम डासाचंच का?

7 सप्टेंबर 1900. वॉशिंग्टनमध्ये एक आर्मी डॉक्टर पत्र लिहायला बसलाय. नाव मेजर वॉल्टर रीड. आठवडाभर माणूस अस्वस्थ होता, कारण त्याचा सहकारी जेम्स कॅरल तिकडे क्यूबात तापाने फणफणला होता, जगतो की जातो अशी अवस्था, आणि आज बातमी आलीय की कॅरल बराच सुधारलाय. पत्राची सुरुवातच 'हिप हिप हुर्रे'ने आहे. पन्नाशीला आलेला, शिस्तीतला, मिशीवाला मेजर, आणि शाळेतल्या पोरासारखं लिहितोय. आणि मग सगळं लिहून झाल्यावर मागच्या बाजूला एक ओळ, ताजा कलम म्हणा हवं तर: हे डासाने केलं का?

बघा ना, मित्र मरता मरता वाचलाय, त्याचा आनंद खराच आहे, पण डोक्यात किडा वळवळतोय तो वेगळाच. हा आजार ज्या पत्रांमधून उलगडत गेला ती पत्रं वाचताना हे सारखं जाणवतं, माया आणि हिशोब एकाच कागदावर.

तर आजार कुठला? यलो फीव्हर, पीतज्वर. आपल्याकडे हा कधी आलाच नाही म्हणून आपल्याला त्याची धास्ती नाही, पण अमेरिका खंडात याच्या नुसत्या नावाने शहरं रिकामी व्हायची. आधी ताप, डोकेदुखी, कंबर मोडल्यासारखी दुखते, मग एखादा दिवस जरा बरं वाटतं, आणि ज्याचं नशीब खोटं त्याला काविळीसारखे पिवळे डोळे आणि काळी उलटी. ती काळी म्हणजे पोटात रक्त सुटलेलं असतं ते. 1793 मध्ये एकट्या फिलाडेल्फियात 5000च्या आसपास माणसं गेली. आणि पसरतो कसा ते कुणालाच माहीत नाही! रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून, घाणीतून पसरतो अशी पक्की समजूत, म्हणून गाद्या जाळा, चादरी जाळा, घरं धुऊन काढा.

हवानामध्ये एक डॉक्टर होते, कार्लोस फिनले. ते 1881 पासून सांगत होते की बाबांनो, हा डासामुळे होतो, आणि डासही कुठला तेसुद्धा सांगत होते. कुणी ऐकलं नाही. वीस वर्षं म्हणजे थोडी नाहीत हो. त्यांचं दुर्दैव असं की त्यांचे स्वतःचे प्रयोग नीट जमत नव्हते. डास रोग्याला चावला, की दोनचार दिवसांत तोच डास धडधाकट माणसाला चावायला लावायचा, आणि त्या माणसाला फारसं काही व्हायचंच नाही. डासाच्या पोटात गेलेलं विष पिकायला साधारण बारा दिवस लागतात ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षातच आली नव्हती. म्हणजे उत्तर बरोबर, फक्त घाई झाली.

1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर क्यूबा अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आलं आणि सैनिक या तापाने पडायला लागले, तेव्हा 1900 मध्ये चार डॉक्टरांचं कमिशन नेमलं. रीड, कॅरल, जेसी लाझियर आणि अरिस्टिडेस अग्रामॉन्ते. फिनलेंनी त्यांना डासाची अंडी दिली, अगदी हातात आणून. ती अंडी उबवली लाझियरने, एकेक डास काचेच्या नळीत, तोंडाला कापूस, आणि नळ्या घेऊन हा रोज हॉस्पिटलच्या वॉर्डात फिरायचा, रोग्याच्या हातावर नळी उपडी करायचा, डासाचं पोट भरलं की परत कापूस.

27 ऑगस्टला कॅरलने स्वतःच्या दंडावर असा एक डास बसवून घेतला. त्या डासाने बारा दिवसांपूर्वी एका रोग्याचं रक्त प्यायलेलं होतं. योगायोग, पण कॅरल आडवा झाला. आजारात तो नर्सला सांगत होता की मला हे डासामुळे झालंय, आणि तिने म्हणे नोंद केली की पेशंट भ्रमात बडबडतोय.

आता लाझियरचं पत्र. 8 सप्टेंबर, म्हणजे रीडच्या त्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी. बायको मेबल अमेरिकेत, नुकतीच बाळंत झालेली, मुलगी झालीय जिला त्याने अजून पाहिलेलं नाही. तिला तो लिहितो की मला वाटतं मी खऱ्या जंतूच्या मागावर आहे, पण अजून कुणाला काही बोलायचं नाही, इशारासुद्धा नको, मी दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही. चौतीस वर्षांचा माणूस. आनंद लपवता येत नाहीये आणि लपवायचा आहे, तसं ते पत्र आहे. 18 तारखेला त्याला ताप भरला, 25 सप्टेंबरला तो गेला. मुलीला त्याने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

त्याला डास चावला कसा? तो आपल्या सहकाऱ्यांना म्हणाला होता की हॉस्पिटलमध्ये काम करताना एक डास हातावर येऊन बसला, मी हाकलला नाही. डासांवर दिवसरात्र काम करणारा माणूस सहज हातावर डास बसू देतो? पटत नाही बुवा. स्वतःवरच प्रयोग केला असणार आणि मग विम्याची भानगड होईल, घरच्यांना त्रास होईल म्हणून लपवलं असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला विचाराल तर मलाही तेच वाटतं, पण पुरावा म्हणून दाखवायला त्याने स्वतः लिहिलेलं असं काही पत्रात नाही.

रीड ऑक्टोबरमध्ये परत आला आणि मग हे लोक जरा शहाणे झाले, सगळं नव्याने, शिस्तीत. हवानाजवळ मोकळ्या माळावर तंबू ठोकले, नाव दिलं कॅम्प लाझियर. 20 नोव्हेंबरला सुरू. दोन लाकडी खोल्या बांधल्या, 14 बाय 20 फुटांच्या. पहिली खोली म्हणजे नुसता नरक, खिडक्या बंद, शेगडी पेटवलेली, आणि पेट्या भरभरून रोग्यांच्या उलटीने, लघवीने, विष्ठेने भरलेल्या चादरी, उशा, कपडे. एक डॉक्टर आणि दोन सैनिक आत गेले, पेटी उघडली, आणि तिघंही ओकाऱ्या देत बाहेर पळाले. मग परत आत गेले. त्याच चादरींवर झोपायचं, वीस रात्री! कुणाला काहीही झालं नाही. इतकी वर्षं जाळलेल्या त्या सगळ्या गाद्या फुकट गेल्या म्हणायच्या.

आणि आता तो कागद, जो मला या सगळ्या पसाऱ्यात सगळ्यात जड वाटतो. पत्र नाहीये ते, करारपत्र आहे, स्पॅनिशमध्ये. पोटापाण्यासाठी नुकतेच स्पेनहून आलेले मजूर, त्यांच्याशी केलेलं. वय पंचवीसच्या वर, आईचं नाव, वडिलांचं नाव, गाव. मग मजकूर साधारण असा की मी राजीखुशीने या प्रयोगाला तयार आहे, ताप आला तर जीवाला काही प्रमाणात धोका आहे हे मला कळतं, पण या बेटावर राहून हा ताप चुकणं तसंही अशक्य आहे, म्हणून मी तो मुद्दाम घेतो, कारण इथे चांगले डॉक्टर आणि चांगली शुश्रूषा मिळेल. बदल्यात 100 डॉलर, सोन्यात. ताप आलाच तर आणखी 100. मेला तर पैसे तो सांगेल त्या माणसाला. आणि कॅम्पची हद्द ओलांडली तर सगळं रद्द.

आज मेडिकलमध्ये याचा उल्लेख लेखी संमतीचं सुरुवातीचं मोठं उदाहरण म्हणून करतात, आणि ते आहेच, त्या काळात कोण विचारत होतं? पण 'तसंही चुकणं अशक्य' हे वाक्य वाचून मी थांबलो. धोका समजावून सांगायचा आणि त्याच दमात तो गोड करून वाढायचा. आणि हातात काही नसलेल्या माणसापुढे सोन्याचे शंभर डॉलर ठेवले की राजीखुशी किती आणि गरज किती, ते कागदावर उमटत नाही.

डिसेंबरमध्ये जॉन किसिंजर नावाच्या सैनिकाला डास चावले आणि 8 तारखेला संध्याकाळी त्याला ताप भरला. 9 तारखेला रीडचं बायकोला पत्र. एमिली तिचं नाव. लिहितो, माझ्याबरोबर आनंद कर गं, डिप्थेरियाचं अँटिटॉक्सिन आणि कॉखने शोधलेला टीबीचा जंतू सोडला तर एकोणिसाव्या शतकातलं हे सगळ्यात मोठं काम मानलं जाईल. स्वतःला तिसरा नंबर देऊन मोकळा! पण काही अंतरावर किसिंजर तापात पडलाय हेही विसरायचं नाही. तो वाचला. पुढे बरीच वर्षं त्याने तब्येतीने आणि पैशानेही हाल काढले.

दुसरी खोली स्वच्छ, हवेशीर, मधोमध जाळीची भिंत. 21 डिसेंबरला जॉन मोरान नावाचा क्लार्क, सैनिकसुद्धा नव्हता तो, नुसत्या नाइटशर्टवर आत गेला आणि पंधरा डास सोडलेल्या बाजूला खाटेवर जाऊन पडला. त्याने पैसेही घेतले नाहीत. जाळीच्या पलीकडे दोघं, हवा तीच, खोली तीच, फक्त डास नाहीत. ख्रिसमसच्या दिवशी मोरान तापला, पलीकडचे दोघं ठणठणीत. इतका साधा प्रयोग, शाळेच्या प्रदर्शनात मांडता येईल असा.

31 डिसेंबर, रात्री 11 वाजून 50 मिनिटं. रीड परत एमिलीला लिहितोय. जुन्या शतकाची दहाच मिनिटं उरलीत. पीतज्वरावरचं 1853 चं एक जाडजूड पुस्तक वाचत बसलो होतो, आणि आता तो पडदा दूर करण्याचं काम माझ्या आणि माझ्या साथीदारांच्या हातून झालं. वीस वर्षं प्रार्थना करत होतो की माणसाचं दुःख कमी होईल असं काहीतरी हातून घडू दे. आणि मग लिहिता लिहिता मध्येच, ऐक, चोवीस बिगुलवाले एकदम वाजवतायत, जुन्या वर्षाला निरोप. पत्रात आवाज ऐकू येतो तो असा. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, नोव्हेंबर 1902 मध्ये, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर रीड गेला. कॅरल 1907 मध्ये. पण 1901 मध्ये गोर्गस नावाच्या आर्मी डॉक्टरने हवानातल्या पिंपांवर झाकणं बसवली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतलं, आणि त्याच वर्षी हवानातला पीतज्वर संपला. तोच गोर्गस पुढे पनामा कालव्यावर गेला.

आपला संबंध विचाराल तर आहे, आणि पुण्याचाच आहे. पुण्यातली एनआयव्ही, म्हणजे विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, ती 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली, तेव्हा नाव व्हायरस रिसर्च सेंटर, आणि रॉकफेलरवाले कितीतरी वर्षं पीतज्वराच्याच मागे होते. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने पडायला लागली, तेव्हा पुण्याहून गेलेल्यांच्या मनात पहिली धडकी तीच, पीतज्वर आला की काय. निघालं वेगळंच, गोचिडीतून येणारा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. हायसं वाटावं असं त्यातही काही नव्हतं. भीती उगीच नव्हती, कारण पीतज्वराचा डास, एडिस इजिप्ती, आपल्या कुंडीखालच्या ताटलीत आरामात वाढतो, डेंग्यू देतो, चिकनगुनिया देतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जाणाऱ्याला लस घ्यावी लागते, दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर सांभाळावं लागतं, ते याच्यासाठी.

आता ही पत्रं आपल्यापर्यंत आली कशी? फिलिप हेंच नावाचा डॉक्टर, मेयो क्लिनिकचा, सांधेदुखीवाला, कॉर्टिसोनच्या कामासाठी 1950 चं नोबेल त्याच्या नावावर. या माणसाला दुसराच नाद लागला होता. रीडच्या प्रयोगातले जे कुणी जिवंत होते त्यांना पत्रं, त्यांच्या बायकांना पत्रं, मुलांना पत्रं, तुमच्या माळ्यावर काही आहे का बघा. वर्षानुवर्षं. 1965 मध्ये तो गेल्यावर त्याच्या बायकोने सगळं व्हर्जिनिया विद्यापीठाला दिलं, रीड शिकला तिथेच, आणि आता स्कॅन कुणालाही फोनवर उघडता येतात. रीडची पत्रं एमिलीने जपली म्हणून आहेत, लाझियरचं मेबलने. त्या स्पॅनिश मजुरांनी गावी आईला काय लिहिलं, लिहिता येत होतं का, त्या घरांत कुणी कागद जपले का, ते या खोक्यांत नाही. त्यांचं आहे ते करारपत्र.

हेंच आणि म्हातारा झालेला मोरान, दोघांनी मिळून कॅम्पची जागासुद्धा शोधून काढली. गवतात, एका शेतावर, पहिली खोली चक्क उभी होती, तीच, चादरींवाली. दुसरी, डासांवाली, जिथे मोरान झोपला होता, ती कधीच गेलेली. 3 डिसेंबर 1952 ला तिथे स्मारक झालं. 3 डिसेंबर हा फिनलेंचा वाढदिवस.